स्टीलचा डबा आणि चार मैत्रिणी: जन्मभराच्या मैत्रीवर हसरी कादंबरी कशी लिहावी

पंचांगात भावासाठी दिवस आहे, नवऱ्यासाठी आहे, बैलासाठी आणि नागासाठीही आहे. मैत्रिणीसाठी नाही. तिच्यासाठी बायकांनी कायम दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून वेळ चोरला. मंगळागौर देवीची, पण रात्रभर फुगड्या घालायच्या मैत्रिणींबरोबर. भोंडला पाटावरच्या हत्तीचा, पण खरी धमाल डबा हलवून खिरापत ओळखण्यात.

मैत्रीवर कादंबरी लिहायला बसलं की पहिली अडचण हीच येते. लग्नाच्या गोष्टीला मुहूर्त असतो, खुनाच्या गोष्टीला प्रेत असतं. मैत्रीत काही घडतच नाही. दोघी पायरीवर बसून शेंगा फोडतात आणि बोलतात. प्रत्यक्षात ते पन्नास वर्षं छान चालतं, पण कागदावर तिसऱ्या पानाला वाचक जांभई देतो. माझी पहिली कादंबरी एकशे चाळीस पानांवर अशीच मेली. सगळ्या बायका एकमेकींवर प्रेम करत होत्या आणि दुसरं काहीच करत नव्हत्या.

पुढे जे लिहिलंय ते त्या एकशे चाळीस पानांच्या फीमधून शिकलेलं. हवेत बोलायला नको म्हणून एक काल्पनिक आराखडा घेते: सांगलीतल्या चार मैत्रिणी. कुसुम, शकू, इंदू आणि मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातली रेहाना. तुमचं गाव वेगळं असेल. तिथलं तुमचं घाला.

पहिली पायरी: भेटायचं निमित्त शोधा

कथानक नंतर. आधी एक गोष्ट ठरवा: या बायका पुन्हा पुन्हा भेटतात कशासाठी? “मैत्रिणी आहेत म्हणून” हे उत्तर चालणार नाही. सासू, मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची बदली, गुडघे या सगळ्यांतून वाट काढून बाई घराबाहेर पडते तेव्हा तिच्या हातात सांगण्यासारखं कारण असतं. ते जितकं फालतू तितकं चांगलं.

आमच्या आराखड्यात ते कारण म्हणजे स्टीलचा एक डबा. कुसुमच्या लग्नात, १९७५ साली, तिघींनी वर्गणी काढून घेतलेला, झाकणावर नाव आणि तारीख घातलेला. स्टीलचं तेव्हा अप्रूप होतं. कुसुमनं त्यातून शकूला चिवडा पाठवला. आता आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. शकूनं त्यात शेंगापोळ्या घातल्या. कुसुमला पुन्हा काहीतरी पाठवणं आलं. झालं! ही देवाणघेवाण थांबवायची कशी हे कुणालाच माहीत नाही, आणि तुमची कादंबरी सुरू झाली.

असं निमित्त सापडलं की प्रत्येक प्रकरणाला आपोआप एक प्रश्न मिळतो: डबा आत्ता कुणाकडे आहे आणि त्यात काय आहे? भोंडल्याच्या खिरापतीसारखं वाचकाला आधी डबा हलवून दाखवा, उघडा नंतर. कधी त्यात भडंग निघेल, कधी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, कधी दुसऱ्या कुणाचे तरी सोन्याचे डूल. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा होते, तेव्हा त्यात काय असेल ते तुम्हीच ओळखा. नवऱ्यापासून लपवलेले पैसे बँकेत भरायला त्याच नवऱ्याचं आधार कार्ड मागण्याचा प्रसंग कुणाही लेखिकेला फुकट मिळालेला आहे.

डबा नको असेल तर भिशी घ्या. दहा जणी, महिन्याला वीस रुपये, चिठ्ठी निघेल तिला दोनशे. १९७८ ला वीस असलेली वर्गणी २०१८ ला दोन हजार होते आणि महागाईवर एक वाक्यही न लिहिता चाळीस वर्षं गेलेली कळतात. आमच्या आराखड्यात दोन्ही आहेत. डबा चौघींचा, भिशी गल्लीची.

दुसरी पायरी: नावांचा तक्ता

हा तक्ता केल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहू नका. मी हट्टानं सांगते, कारण मराठी बाईच्या आयुष्यात नाव ही साधी गोष्ट नसते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि वीस वर्षांची कुसुम एका दुपारीत वैशाली होते. सगळ्यांचं बदलत नाही, हल्ली तर कमीच. पण त्या पिढीत बदलायचं.

तेव्हा प्रत्येकीसाठी कागद घ्या आणि लिहा: आई काय म्हणते, सासू काय म्हणते, नवरा चारचौघांत काय म्हणतो (बहुतेक “अगं” किंवा “ऐकलंस का”), दीर काय म्हणतात, दूधवाला काय म्हणतो, नातवंडं काय म्हणतात. आमच्या कुसुमची यादी अशी: माहेरी कुसुम, सासरी वैशाली, दिरांची वहिनी, भाच्यांची मामी, सोसायटीत कुलकर्णीकाकू, नातवाची आज्जी. आणि तिघींसाठी कुशी.

आता कालरेषेवर बघा. आई गेली की “कुसुम” म्हणणारं एक माणूस कमी. भाऊ अमेरिकेत, फोनवर “ताई” म्हणतो. साठीनंतर तिला जुन्या नावानं हाक मारणारी माणसं म्हणजे या मैत्रिणीच उरतात. हे कादंबरीत कुणाच्याही तोंडी घालू नका, निवेदनातही नको. फक्त पुण्यातल्या दवाखान्यात नर्स “वैशाली कुलकर्णी, वैशाली कुलकर्णी” अशा हाका मारतेय, गुंगीतली बाई ओ देत नाहीये आणि बाहेरच्या बाकावरून शकू ओरडते, “अगं कुशे, ऊठ की!” असा प्रसंग लिहा. ती डोळे उघडते. पुढच्या परिच्छेदाला जा.

तक्त्यात अरे-तुरे आणि अहो-जाहोही नोंदवा. रेहानाच्या आईला तिघी काय म्हणतात? (अम्मी. आणि कुसुमची आई रेहानाच्या आईला “भाभी” म्हणते.) इंदू शाळेत शिक्षिका झाल्यावर शकूचा मुलगा तिच्याच वर्गात येतो, घरी “इंदूमावशी” आणि वर्गात “बाई” अशी त्याची तारांबळ अर्धं प्रकरण फुकट चालवते.

तिसरी पायरी: वर्षांची वही

मैत्री लांबलचक दाखवायची तर काळ खरा हवा. एका वहीत डावीकडे सार्वजनिक घटना, उजवीकडे चौघींची वयं. चौघींचा जन्म १९५४ चा धरा.

डाव्या बाजूला पहिली नोंद: ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांतली माणसं त्यानंतर काही रात्री घराबाहेर झोपली. तेरा वर्षांच्या चार मुली, डिसेंबरची थंडी, गल्लीत आणि अंगणात अंथरुणं, एका वाकळेत दोघी-तिघी. रेहाना शाळेसाठी सांगलीत मामांकडे राहायची असं धरा. एरवी ज्या मुलींना एकमेकींच्या घरी रात्र काढायला परवानगी नसती, त्यांना धरणीनंच ती दिली. कादंबरीचं पहिलं प्रकरण इथं.

शेवटची नोंद: ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या घरांत पाणी शिरलं म्हणून पासष्टीच्या बायका विश्रामबागेत एकीच्या फ्लॅटवर गोळा होतात. पुन्हा एकदा घर सोडून एका खोलीत अंथरुणं. दोन रात्रींच्या मध्ये बावन्न वर्षं. तुम्हाला तुमच्या गावात अशी जोडी सापडली तर रचनेचं अर्धं काम झालं. पुण्याच्या कुणाला १२ जुलै १९६१ चा पानशेत पूर आठवेल, मुंबईच्या कुणाला २६ जुलै २००५.

मधल्या नोंदींत मोठ्या घटनांपेक्षा घरात शिरलेल्या घटना घ्या. १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आणि तिची न फुगणारी भाकरी. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ बघायला टीव्हीपुढे गल्ली गोळा झालेली आणि चपलांचा ढीग. एसटीडी बूथवर दर कमी होण्याची वाट बघत रात्री उशिरा लागलेली रांग. मे २००३ पर्यंत मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणून रेहाना फोन उचलल्या उचलल्या “ठेव, घरच्या फोनवर कर” एवढंच बोलून कापते. तरुण वाचकाला हा विनोद कळत नाही, साठीच्या वाचकाला हसू आवरत नाही. लिहा तरीही.

काळाच्या चुका मैत्रिणीच पकडतात. एसटीत सर्व महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे. तुमची चाळिशीतली नायिका १९९४ ला कंडक्टरकडे ते मागत असेल तर पुस्तक तिथंच मिटेल. पत्रं लिहिताना निळं आंतरदेशीय पत्र कुठल्या वर्षी किती पैशांना होतं हे पक्कं माहीत नसेल तर किंमत घालू नका, “पत्राची चिकटवायची बाजू आधीच भिजलेली” असलं काहीतरी घाला.

चौथी पायरी: बोली, आणि ‘आम्ही’-‘आपण’ची गंमत

ही पायरी मला सगळ्यात आवडते, तेव्हा जरा रेंगाळते.

सांगली-कोल्हापूरकडच्या बायका “मी येतो”, “मी जेवलो” असं सहज बोलतात. कुसुम लग्न होऊन पुण्याला जाते. पहिल्या दिवशी ओट्यापाशी “मी करतो की” म्हणते आणि सासूच्या हातातलं उलथनं थांबतं. महिन्याभरात ती “करते, जाते, येते” शिकते. पुढं वर्षानुवर्षं ती पुण्यात शुद्ध बोलते, इतकं की सून तिच्याकडून शुद्धलेखन तपासून घेते. पण सांगलीच्या स्टँडवर शकू दिसली की तोंडातून निघतं, “आलो गं, आलो!”

बघा, मैत्री म्हणजे काय यावर एक वाक्य लिहिलं नाही आणि काम झालं. तुमच्या मुलुखात असं काय आहे ते कान देऊन शोधा. मालवणीत असेल, वऱ्हाडीत असेल, खानदेशात असेल, बेळगावकडं तर नक्कीच आहे. एकच खबरदारी: बोली फक्त कामवाल्या बाईच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका. बोली हसण्याचं कारण झाली की कादंबरी शहरी वाचकाची खुशामत करू लागते. आमच्या आराखड्यात सगळ्यात शहाणं वाक्य नेहमी शकूच्या तोंडी येतं आणि ते कधीच शुद्ध नसतं.

दुसरी गोष्ट निवेदनाची. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’त ऐकणारी नसते, ‘आपण’त असते. मैत्रीच्या कादंबरीसाठी याहून धारदार हत्यार नाही. “आम्ही रविवारी हरिपूरला गेलो होतो” या एका वाक्यात ऐकणाऱ्या चौथीला बाहेर ठेवल्याचा घाव आहे. तिनं चेहऱ्यावर न दाखवता “बरं केलंत” म्हणावं. अबोल्याच्या प्रकरणांत ‘आपण’ हा शब्दच येऊ देऊ नका. मग किती वर्षांनी एकीच्या तोंडून “आपण चहा घ्यायचा का?” निघेल, तेव्हा वाचकाला कारण न कळता बरं वाटेल. दुसरा खर्डा झाला की फाइलमध्ये ‘आपण’ शोधून प्रत्येक जागा तपासा. कंटाळवाणं काम आहे. करा.

निवेदन कुणाचं, हा प्रश्न नवशिक्यांना फार छळतो. चौघींची आलटून पालटून प्रकरणं ठेवली तर चौघींचे आवाज खरोखर वेगळे हवेत, नाहीतर वाचक दर वेळी मागचं पान उलटून बघतो कोण बोलतंय. माझा सल्ला: एकीलाच सांगू द्या, आणि बाकीच्यांना मधूनमधून हरकत घेऊ द्या. “हे असं झालंच नव्हतं. तो पेढा मी खाल्ला नव्हता. शकू.” अशा समासातल्या टिपा हसवतात आणि आठवण म्हणजे पुरावा नव्हे हेही दाखवतात.

पाचवी पायरी: विनोद कुठून आणायचा

चुटक्यांतून नाही. व्हॉट्सअॅपवर फिरलेला एकही विनोद कादंबरीत आला तर वाचक तुम्हाला माफ करणार नाही.

जुन्या मैत्रिणींचा विनोद साक्षीतून येतो. बाईनं स्वतःबद्दल जगाला जे सांगितलंय, ते खोटं आहे हे माहीत असलेली बाई शेजारी बसलेली असते. कुसुम सुनेला सांगतेय, “आम्ही कधी आईबापाला उलटून बोललो नाही.” शकू शांतपणे चहा ढवळत म्हणते, “व्हय. उलटून बोलली न्हाई. सरळ सायकल घेऊन मिरजेला पळाली.” हा विनोद रचायला लागत नाही, मागच्या प्रकरणात सायकल पेरलेली असली की झालं. म्हणून विनोदी कादंबरीत पेरणी जास्त आणि हशा कमी असावा.

परत परत येणारी गंमत तीनदा येऊ द्या, आणि दर वेळी तिचं वजन बदला. इंदूला गॅदरिंगच्या नाटकात एकच वाक्य होतं, “महाराज, घात झाला!” आणि ते ती विसरली. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला मराठी नाटक उभं केलं, तिथं हे पाप! पहिल्यांदा हे नुसतं हास्यास्पद आहे. दुसऱ्यांदा, दूध उतू गेल्यावर चौघी एका सुरात ओरडतात. तिसऱ्यांदा, इंदूचे रिपोर्ट आलेत, तिघी गप्प बसल्यात, आणि ती स्वतःच म्हणते, “महाराज, घात झाला.” वाचकाला हसावं की रडावं कळणार नाही. चौथ्यांदा वापरायचा मोह आवरा. मला आवरला नव्हता.

शिव्या हव्यातच. मेले, भवाने, सटवे, म्हशे. ज्या बाईला “अहो वहिनी” म्हणतात तिच्याशी मैत्री अजून व्हायचीय. मात्र जाडेपणा, काळा रंग, वांझपण यांवरची थट्टा मैत्रिणी-मैत्रिणींच्या आत झाली तरी तिचा ओरखडा एका तरी पात्राच्या लक्षात राहतो असं दाखवा, प्रत्यक्षात राहतोच.

नवरे. सगळे नवरे मूर्ख दाखवणं सोपं आहे आणि तीस पानांत शिळं होतं. एका तरी नवऱ्याला डब्याची कुणकुण लागू द्या. रेहानाचा नवरा न बोलणारा माणूस, सतारीच्या भोपळ्यांना पॉलिश करत बसलेला. वीस वर्षांनी कळतं, डब्याची कडी तुटली होती ती त्यानंच गुपचूप झाळून दिली होती. एवढंच. त्याला संवाद देऊ नका.

सहावी पायरी: भांडण

भांडण नसेल तर ती मैत्री नव्हे, शेजार आहे. लांब मैत्रीत एक मोठा अबोला असतो आणि त्याचं वरचं कारण हास्यास्पद असतं. नवशिके इथं घाबरतात आणि कारण म्हणून एखादा पुरुष आणतात. नका आणू.

आमच्या आराखड्यात १९८४ साली कुसुम डबा रिकामा परत पाठवते. घासून, पुसून, रिकामा. शकू झाकण उघडते, आत बघते, झाकण लावते. ज्या मुलुखात रिकामा डबा पाठवत नाहीत तिथं हे युद्धच. नऊ वर्षं अबोला.

या नऊ वर्षांत विनोद मरू देऊ नका. उलट तो इथंच सगळ्यात चांगला पिकतो. कुसुमच्या नवऱ्याची बदली नेमकी सांगलीत झालेली. दोघी त्याच भिशीत आहेत, कारण चालू भिशी सोडली तर पैसे अडकतात. एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत बसून रेहानामार्फत बोलतात. “तिला सांग, खिडकी लाव.” “तिला सांग, तिला उठता येतं.” रेहाना शेवटी दोघींनाही न विचारता स्वतःच उत्तरं द्यायला लागते, आणि दोघींना ती पटतात.

आता खालचं कारण. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवं असायची. वर सपाट जमीन, खाली हळदीनं भरलेली खोल पोकळी. मोठं भांडण असंच रचा. शकूच्या मुलाच्या बारशाला कुसुम आली नाही आणि डबा रिकामा आला, हे शकूला दिसलं. त्याच आठवड्यात कुसुमचं चौथ्या महिन्यातलं मूल गेलं होतं आणि तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, हे दिसलं नाही. वाचकाला मात्र साधारण मध्यावर कळू द्या. म्हणजे पुढचं प्रत्येक “तिला सांग” हसवतं आणि टोचतंही.

समेट कशानं? माफीनं नको. मराठी बायका अशी माफी फारशी मागत नाहीत, त्या खायला घालतात. १९९३ साली शकूच्या सासऱ्यांच्या तेराव्याला स्वयंपाकघरात पन्नास पानांचा गोंधळ उडालेला असताना कुसुम मागच्या दारानं येते, पदर खोचते आणि विचारते, “आमटीत मीठ कुणी घातलंय?” कुणीच घातलेलं नसतं. खरं कारण शकूला तेव्हाही कळत नाही. २०१९ च्या पुरात, वीज नसलेल्या रात्री, चहूकडे पाणी आणि प्यायला घागरभरच, अशा वेळी कुसुम सांगते. पस्तीस वर्षं उशिरा. शकू काय म्हणते, ते मी तुम्हाला देणार नाही. पण एक पथ्य: तिला दोनपेक्षा जास्त वाक्यं देऊ नका.

सातवी पायरी: एकीला जाऊ द्या, पण शेवटी नको

मरण शेवटच्या प्रकरणाला ठेवलं की कादंबरी वाचकाकडून रडं वसूल करायला निघते. इंदूला तीन चतुर्थांशावर जाऊ द्या, २०११ मध्ये. भिशीची वही तिच्या अक्षरातली. तिच्या नावाची चिठ्ठी डब्यातून काढायची कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढच्याच महिन्यात तिचीच भिशी लागते. उरलेल्या नऊ बायका त्या चिठ्ठीकडे बघत बसतात. मग शकू: “मेल्यावर नशीब उघडलं बघ हिचं.” हशा, आणि मग काय व्हायचं ते होतं. उरलेले हप्ते तिघी भरतात. पैसे इंदूच्या मुलाला द्यायचे, हे कायद्यानं आणि नीतीनं बरोबर. तो ते परत देऊन म्हणतो, तुम्ही आईला कुठं न्यायचं ठरवलं होतं तिथं जा. त्या सहलीचं प्रकरण कादंबरीतलं सगळ्यात हसरं व्हायला हवं.

आठवी पायरी: बैठक

आकडे सांगते. चोवीस प्रकरणं, प्रत्येकी सत्ताविसशे शब्द, म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास. रोज चारशे शब्द लिहिले तर साडेपाच महिने. गॅसवर कुकर असताना चारशे शब्द होतात, मी मोजलेत. वाटणी समान नको: बालपण-तारुण्याला पाच प्रकरणं, संसाराच्या पहिल्या दहा वर्षांना सहा, अबोल्याला चार, नंतरच्या अठरा वर्षांना पाच, इंदूनंतर दोन, आणि पुराची दोन, एक अगदी सुरुवातीला दोन-तीन पानांची झलक म्हणून आणि एक शेवटी. कोयनेच्या रात्रीचं पहिलं प्रकरण या झलकेनंतर लगेच.

मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर पहिला खर्डा झटपट होतो, पण मोबाइल ‘मी येतो’चं ‘मी येते’ करून टाकू शकतो. दर वेळी दुरुस्त करा. युनिकोडमध्येच लिहा, जुन्या फॉन्टमधल्या फायली बदलताना जोडाक्षरांची वाट लागते. संवादात “केलं, गेलं” आणि निवेदनात “केले, गेले” हवं असेल तर आधीच ठरवून शेवटपर्यंत पाळा.

सिनेमाच्या गाण्याच्या ओळी उतरवू नका. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि परवानगीची पत्रापत्री तुमच्या साडेपाच महिन्यांपेक्षा जास्त चालते. “रेडिओवर ते गाणं लागलं, जे इंदू कायम चुकीच्या शब्दांत म्हणायची” एवढं पुरतं, आणि चुकीचे शब्द तुमचेच असतील.

प्रकाशकाकडे दोन पानांचा सारांश आणि तीन प्रकरणं पाठवा. अबोल्याचं एक त्यात हवंच. करार लेखी करा, प्रतींची संख्या आणि मानधनाची टक्केवारी त्यात असू द्या, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळे लिहून घ्या. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो “काढून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

नववी पायरी: खऱ्या मैत्रिणींना वाचायला द्या

तुम्ही कितीही काल्पनिक म्हणा, त्या स्वतःला शोधणार. छापण्याआधी द्या, नंतर नाही. जी गोष्ट तुम्हाला एकटीला सांगितली होती, ती नाव-गाव बदलूनही तिच्या परवानगीशिवाय वापरू नका. ती “राहू दे” म्हणाली तर प्रकरण काढा. मी एक काढलं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं.

वाचून झाल्यावर त्या काय बोलतात ते लिहून घ्या. माझी एक म्हणाली, “मी इतकी खाष्ट कधीच नव्हते,” आणि हे ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मी तो संवाद आणखी थोडा खाष्ट केला. दुसरीनं पट्टी घेऊन पानं मोजली आणि विचारलं की तिच्यापेक्षा तिसरीला सोळा पानं जास्त का. तिसरी काहीच बोलली नाही. आठ दिवसांनी तिनं हस्तलिखित परत पाठवलं, एका डब्यात, वर बेसनाचे लाडू. तूप झिरपून अकरावं प्रकरण पार पारदर्शक झालं होतं. मी ते पुन्हा टाइप केलं, आणि करताना ते चार पानांनी कमी झालं. डबा अजून माझ्याकडेच आहे. काय घालून पाठवायचा, ठरत नाहीये.